दारावरची पाटी

घर विकायचंय म्हणून आलेला माणूस पहिल्या भेटीत खरं कारण सांगत नाही. खोटं बोलतो असंही नाही, त्याचं त्यालाच ते अजून नीट उमगलेलं नसतं. तो म्हणतो, सध्या रेट काय चाललाय तेवढं सांगा. मग म्हणतो, तशी घाई काही नाही. ज्याने ‘घाई नाही’ हे दोनदा म्हटलं त्याच्या घरामागे निदान सहा महिने चपला झिजवायच्या, हे मी धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांतच शिकले.

विरार पूर्वेला चंदनसारच्या रस्त्यावर माझा एक गाळा होता. काचेचं दार आणि त्यावर आतून चिकटवलेले कागद: वन आरके, वन बीएचके, स्टेशनपासून दहा मिनिटं. दहा मिनिटं कोणाच्या पायांनी, असं कोणी विचारलं तर मी विषय बदलायचे. माझं माहेर वसईजवळच्या निर्मळ गावचं. वडील केळी आणि भाजी करायचे. आपली मुलगी लोकांची घरं विकते हे सांगायला त्यांना जड जायचं. कोणी विचारलं तर ‘तिचं ऑफिस आहे’ एवढंच सांगायचे, कसलं ते सांगायचे नाहीत. पंचवीस-सव्वीस वर्षं ते ऑफिस चालवून गेल्या वर्षी मी गाळा सोडला.

लोकांना वाटतं, एजंटाचं काम म्हणजे चावी घेऊन जायचं, खिडक्या उघडून दाखवायच्या आणि दोन्हीकडून दलाली घ्यायची. घेणाऱ्याला राजी करायला खरोखरच फार अक्कल लागत नाही. तो भाड्याच्या घराला कंटाळून आलेला असतो, त्याला कुठेतरी पोचायचं असतं. खरी कसोटी विकणाऱ्यापाशी. एव्हरशाईन सिटीत एक गृहस्थ होते. गिऱ्हाईक हो म्हणालं की ते भाव वाढवायचे. वाढवलेल्या भावालाही गिऱ्हाईक हो म्हणालं की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना नकार हवा होता आणि तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून यायला हवा होता. त्यांचं घर मी शेवटपर्यंत विकू शकले नाही, आणि अजून ते त्याच घरात सुखाने राहतायत.

दुसऱ्या एक बाई होत्या. नवऱ्याला घर विकायचं होतं, बाई तोंडाने कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण दर रविवारी मी गिऱ्हाईक घेऊन गेले की नेमके त्याच वेळी त्यांच्या तव्यावर सुके बोंबील पडलेले असायचे. मी स्वतः बोंबील आवडीने खाते, पण घर बघायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून पाच मिनिटांत जिना उतरायची. चौथ्या रविवारी मी गिऱ्हाईक नेलंच नाही. एकटीच गेले आणि भाकरी मागितली. जेवता जेवता बाईंनी सांगितलं की शेजारच्या कोळी बाईंशिवाय त्यांची दुपार जात नाही. मग मी त्यांना त्याच गल्लीत दोन बिल्डिंग सोडून जागा बघून दिली, तेव्हा कुठे घर विकलं गेलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की माझी मिजास काय होती ते कळावं. विकणारा का अडलाय ते मला कळतं, असा माझा लौकिक होता. नवे एजंट माझ्याकडे विचारायला यायचे, आणि मी त्यांना ऐटीत सांगायचे: कुणालाही घाई करू नका, त्यांच्या घरचा चहा प्या, कारण शोधा. आणि कारण सापडलं नाही तर दारावरची पाटी उतरवा.

ही पाटीची युक्ती माझी स्वतःची. बघायला येणारा माणूस दारात उभा राहतो आणि आधी दुसऱ्याचं नाव वाचतो. ते वाचलं की तो पाहुणा होऊन आत शिरतो, सोफ्याच्या कडेला बसतो, कपाट उघडून बघत नाही. दार कोरं असलं तर तिथे तो मनातल्या मनात आपलं नाव लावतो. विकणाऱ्यावर तर याचा जास्तच परिणाम होतो. पाटी उतरली की आठवडाभर त्याला ते दार खुपतं, मग सवय होते आणि घरावरचा जीव हळूहळू सुटायला लागतो. माझ्या पर्समध्ये कायम एक छोटा स्क्रू ड्रायव्हर असायचा. कितीतरी दारांवरच्या पाट्या मी माझ्या हाताने उतरवल्या आहेत.

घाग काका-काकू चंदनसारलाच राहायचे. चार विंगांचं जुनं कॉम्प्लेक्स, सगळ्या विंगा एका साच्यातल्या, तोच पिवळा रंग, तेच तपकिरी दरवाजे, त्याच लोखंडी जाळ्या. लिफ्ट नाही. हे तिसऱ्या मजल्यावर. काका मुंबईत विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायच्या नोकरीत होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. काकूंचे गुडघे गेलेले. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता वसईला एव्हरशाईन सिटीत राहायची. आईबाबांनी हे घर विकून आपल्या जवळ लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये यावं, असं तिचं म्हणणं. यात गैर काय होतं? सुजातानेच मला फोन केला होता. म्हणाली, “मॅडम, आई तयार आहे, फक्त तिचं मन होत नाहीये.” आमच्या धंद्यात असल्या वाक्याला आम्ही हसतो, पण मला कामाची आव्हानं आवडायची.

काकूंनी मला गणपतीपर्यंत थांबवलं. मग पितृपक्षात नको म्हणाल्या, ते ठीक. दसरा झाला, तेव्हा म्हणाल्या की एव्हरशाईनच्या त्या जागेत ओटा दक्षिणेला येतो. मी दुसरी जागा दाखवली. तिथे नळाला पाणी कमी दाबाने येतं म्हणाल्या. मी दर खेपेला तिसरा मजला चढून जायचे, काकू चहा टाकायच्या आणि काका खिडकीजवळच्या खुर्चीवर स्वच्छ धुतलेला सदरा घालून बसलेले असायचे. बोलायला फार गोड माणूस. म्हणायचे, “बसा, चहा घ्या. तुम्ही कुठल्या?” मी सांगायचे, निर्मळची. “अरे वा, केळ्यांचं गाव,” असं म्हणायचे. दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचे, “तुम्ही कुठल्या?” म्हातारी माणसं दोनदा विचारतात, असं म्हणून मी पुन्हा सांगायचे आणि काकूंकडे वळायचे. विकणाऱ्याचं कारण शोधायला निघालेली मी, आणि घरातल्या दोघांपैकी एकाशीच बोलत होते.

त्यांच्या दारावरची पाटी मला पहिल्या दिवसापासून खटकली होती. एवढ्याशा दारावर ताटाएवढी पत्र्याची पाटी. पिवळ्या रंगावर लाल, वीतभर उंचीची अक्षरं: घाग. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने रंगवलेली. शेजारी सगळ्यांच्या नाजूक पितळी नाहीतर लाकडी पाट्या आणि मध्येच ही बटबटीत. मी मनात म्हटलं, इथूनच सुरुवात करायला हवी.

एका शनिवारी नालासोपाऱ्याचं एक तरुण जोडपं बघायला यायचं होतं. मी आदल्या दिवशी गेले आणि काकूंना म्हटलं, पाटी चार दिवस उतरवून ठेवू. काकूंचा हात कपबशीवर थांबला. म्हणाल्या, “ती राहू दे.”

का, ते सांगेनात. मी हसून सगळं समजावून पाहिलं. त्या तेवढंच म्हणत राहिल्या, राहू दे, राहू दे. मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. सुजाताला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. घरातलं माणूस फोनवर आलं की विकणाऱ्याला बहाणे करता येत नाहीत, हा माझा अनुभव. सुजाता जराशी वैतागून म्हणाली, “आई, मॅडम सांगतात तसं कर ना. पाटीत काय आहे एवढं?”

काकूंनी आधी फोनकडे पाहिलं, मग काकांकडे. काका खिडकीतून खाली बघत होते. काकू म्हणाल्या, “बरं.”

चार स्क्रू होते, चांगले लांबलचक. दुसरा काढताना दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मी पाहिलं. असं बघायची मला सवय होती. मी त्यांना म्हटलंसुद्धा की पहिले दोन-तीन दिवस वाईट वाटतं, काकू, मग बरं वाटतं. पाटी कपाटामागे उभी केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला काकूंचा फोन आला. मला वाटलं, बघणाऱ्यांना येऊ नका सांगा म्हणतायत. त्या म्हणाल्या, “ताई, हे आले नाहीत. पाटी लावा. आधी येऊन पाटी लावा.”

मी धावत जिना चढले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई काकूंच्या दारात रडवेल्या होऊन उभ्या होत्या. काका रोज सकाळी खाली जाऊन दुधाची पिशवी आणायचे. तेवढी एकच फेरी काकूंनी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. उतरताना जिना एकच, बूथ फाटकाशीच, आणि परत येताना तिसऱ्या मजल्यावरची लाल अक्षरं. काकू रोज दार उघडं ठेवून थांबायच्या. त्या सकाळी देवाचं करताना दार वाऱ्याने लोटलं गेलं. खालच्या बाई वर गच्चीत कपडे टाकायला जात होत्या, तेव्हा काका दुधाची पिशवी हातात धरून स्वतःच्या बंद दारासमोर उभे होते. बाईंनी विचारलं, काका, काय झालं? काका म्हणाले, “इथे घाग राहायचे. गेले वाटतं सोडून.” आणि बाजूला होऊन त्यांना वर जायला वाट दिली. बाईंना वाटलं काका थट्टा करतायत. त्या हसून वर गेल्या. काका शांतपणे जिना उतरले.

मी आधी पाटी लावली. मग वॉचमन, रिक्षा स्टँड, पोलीस चौकी. काकूंना रिक्षात घेऊन मी गल्लीगल्ली फिरले, आणि त्या रिक्षात त्यांनी मला ते सांगितलं जे मी चार महिने शोधत होते.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की आता काकांचं विसरणं वाढतच जाणार. काका दोनदा दुसऱ्या विंगेत शिरून तिथल्या तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवून आले होते. तेव्हा काकूंनी पेंटरकडून ती पाटी करून घेतली. काकांनी आयुष्यभर दारांवरची नावं आणि मीटरचे आकडे वाचले होते, बाकी सगळं पुसलं तरी ते वाचणं शिल्लक होतं. सुजाताला हे ठाऊक नव्हतं. बाबा जरा विसरतात, एवढंच तिला माहीत. ती यायची तेव्हा काकू सगळी उत्तरं काकांच्या आधी स्वतःच द्यायच्या.

मी म्हटलं, काकू, मला तरी सांगायचं. एका शब्दाने सांगितलं असतं तर मी कशाला मागे लागले असते?

काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “काय सांगायचं, ताई? नवं घर ह्यांच्या डोक्यात बसायचं नाही. हे आहेत तोवर थांबा, एवढंच माझं म्हणणं होतं. पण ते तोंडाने कसं बोलू? हे जायची वाट बघते, असाच त्याचा अर्थ झाला असता.”

लोकांच्या मनातलं ओळखणारी म्हणून माझं नाव होतं, आणि एका बाईने कुंकवाच्या भीतीने गिळलेलं वाक्य मला चार महिन्यांत ऐकू आलं नव्हतं. उलट ते तिला कधीच बोलता येऊ नये अशी व्यवस्था मी फोन स्पीकरवर टाकून केली होती.

काका दुपारी चारच्या सुमाराला सापडले. हायवेकडच्या एका चाळीत ते दारोदार जाऊन मीटर बघत होते. अनवाणी. एक चप्पल कुठे गेली कोण जाणे, म्हणून दुसरीही त्यांनी काढून टाकली असावी. चाळीतल्या लोकांना आधी ते विजेच्या ऑफिसातले वाटले. मग एका मुलीच्या लक्षात आलं की यांच्या हातात वही नाही, दुधाची पिशवी आहे. तिने त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं होतं. काकूंना बघून काका उठले नाहीत. फक्त म्हणाले, “या मजल्याचं झालं.”

त्यांना घरी आणलं. दारावर लाल अक्षरं जागच्या जागी होती. काकांनी ती वाचली, पण त्या अक्षरांवर त्यांचा आता विश्वास बसेना. घाग घर सोडून गेले, हे एकच त्यांच्या मनात घट्ट बसलं. बाकी सगळं विसरणारा माणूस नेमकं तेवढंच विसरला नाही. त्या दिवसापासून ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे राहिले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसत नसत, दाराजवळच्या स्टुलावर बसत. पाणी हवं असलं तर विचारून घेत. काकू जेवायला वाढायच्या तेव्हा उगाच तुम्हाला त्रास, असं म्हणत. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचे एवढे आभार मानले नसतील. खाली दुधाला ते पुन्हा गेले नाहीत.

मी दर आठवड्याला जात राहिले. विक्रीचा विषय अर्थातच मी बंद केला होता. प्रायश्चित्त म्हणून जात होते की काकूंनी मला दोष द्यावा म्हणून, ते माझं मलाच सांगता येणार नाही. त्यांनी तो कधी दिला नाही, चहा मात्र प्रत्येक वेळी दिला. एकदा काकू आत असताना काका माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही घाग मंडळींना ओळखता का हो?”

मी म्हटलं, ओळखते.

“चांगली माणसं होती. घर विकून गेली. मला सांगितलं नाही.”

मी म्हटलं, काका, विकलं नाही. ते इथेच आहेत. काकांनी मान डोलावली, माझं मन राखायला डोलावल्यासारखी. एवढ्या वर्षांत मी लोकांना घरांविषयी जे जे सांगितलं त्यात हे एक वाक्य खरं होतं आणि तेच मला पटवता आलं नाही.

सुजाताला आजाराचं कळलं तेव्हा ती आईवर खूप चिडली. इतकं लपवलंस, आम्ही काय परके होतो, असं रडून बोलली. मी तिथेच बसले होते. काका हरवले ते मी पाटी उतरवायला लावली म्हणून, हे तेव्हा मी बोलायला हवं होतं. आईची चूक काहीच नव्हती, हेही. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, दार लोटलं गेलं, माझंच लक्ष नव्हतं. मी गप्प राहिले. सुजाता अजून दरवर्षी दिवाळीला माझ्याकडे फराळ पाठवते. हे वाचल्यावर पाठवेल की नाही, माहीत नाही. न पाठवणंच योग्य होईल.

सात महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, काका न्यूमोनियाने गेले. शेवटचे दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्याभरात काकू गाळ्यावर आल्या. एकट्या, रिक्षाने. काचेच्या दारावरचे कागद जरा वेळ वाचले आणि आत येऊन समोर बसल्या. म्हणाल्या, विकून टाका आता. मी म्हटलं, बघू, चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबू. त्या म्हणाल्या, जे येईल ते.

पहिल्याच रविवारी पहिलंच गिऱ्हाईक आलं. बोईसरला नोकरी करणारा एक मुलगा, बायको आणि तान्हं बाळ. त्यांनी जो भाव सांगितला तो काकूंनी तसाच मान्य केला. मी काकूंना आत बोलावून म्हटलं, काकू, थोडं थांबा, मी त्यांना भावात वर नेते. नको म्हणून मान हलवून त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी त्या मुलीच्या हातातलं बाळ घेतलं. सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, लाइट बिल, सगळं त्यांनी एका पिशवीत आधीच लावून ठेवलं होतं. इतकं सोपं काम मला सगळ्या वर्षांत मिळालं नव्हतं. आणि प्रत्येक कागदागणिक मला वाटत होतं, आता अडतील, आता काहीतरी काढतील, ओटा, नळ, पितृपक्ष, काहीही. मी माझ्या बाजूने दोनदा तारीख पुढे ढकलली. एकदा तर सुजाताजवळच्या नव्या जागेचं स्वयंपाकघर अंधारं आहे, असं मीच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, एकटीला किती उजेड लागतो?

रजिस्ट्रेशनच्या दिवशी आम्ही बाकावर नंबरची वाट बघत बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काकू, अजून वेळ आहे. मन नसेल तर आपण उठू. मी त्यांना समजावते.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. म्हणाल्या, “थांबायचं होतं तेव्हा थांबू दिलं नाहीत. आता कशासाठी थांबू, ताई?”

नंबर पुकारला गेला. काकू माझा हात न धरता उठल्या. आत फोटो झाला, अंगठा झाला. कारकुनाने नेहमीचं विचारलं, स्वखुशीने विकताय ना? लोकांनी या प्रश्नाला पटकन हो म्हणावं म्हणून मी आयुष्य घालवलं. त्या दिवशी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, काकू, एकदा तरी नाही म्हणा.

त्या हो म्हणाल्या.